गल्ल्यातला पैसा कुठे जातो?

एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातल्या गोऱ्या धनिकांकडे लग्न असो की अंत्यविधी, व्यवस्था पाहायला कृष्णवर्णीय माणूस लागे. रॉबर्ट बोगल यांनी या खानपान-व्यवस्थेच्या धंद्याचा पाया घातला. पुढे ऑगस्टिन, डॉर्सी, मिंटन अशी नावं गाजली. त्यांचा आपसात जणू एक संघच होता आणि साधारण 1840 ते 1870 ही त्यांची भरभराटीची वर्षं. त्यानंतर मात्र हा धंदा त्यांच्या हातून निसटत गेला.

हे का घडलं, याचा शोध डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस या तरुण समाजशास्त्रज्ञाने घेतला. शहरातल्या सातव्या वॉर्डात बिऱ्हाड करून 1896-97 मध्ये ते घरोघर फिरले, कुटुंबागणिक तक्ते भरले. 1899 मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं उत्तर मला आजही फार मोलाचं वाटतं. त्या आचाऱ्यांचं कसब कमी झालं नव्हतं. मोठी हॉटेलं आली, श्रीमंतांच्या आवडी बदलल्या आणि धंद्याला मोठं भांडवल लागू लागलं. हीच माणसं गोरी असती, तर कुणा भांडवलदाराने त्यांना मोठ्या हॉटेलात भागीदार करून घेतलं असतं, असं डू बॉईस यांनी स्पष्ट लिहिलं.

आपल्याकडे वंचित वस्त्यांसाठी उद्योजकता शिबिरं भरतात, तिथे भाषण बहुधा जिद्दीवरच होतं. जिद्द तर हवीच. पण त्या आचाऱ्यांकडे ती कमी होती असं कोण म्हणेल? कमी होती ती पत, आणि पत माणसाला एकट्याने कमावता येत नाही. ती कुणीतरी द्यावी लागते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना पैसा साठवायलाही सुरक्षित जागा नव्हती. गुलामीतून सुटलेल्यांसाठी 1865 मध्ये स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक 1874 मध्ये बुडाली. सुमारे 61 हजार ठेवीदारांचे जवळपास 30 लाख डॉलर अडकले. पैशापेक्षाही बचतीवरचा विश्वास गेला, ही हानी डू बॉईस यांना मोठी वाटे.

तरीही ते धंद्याच्या बाजूने ठाम होते. 1899 मध्ये अटलांटा विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांवर खास परिषद भरवली. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगीत तक्ते काढले, त्यांत जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या जमिनीचं आणि मालमत्तेचं वाढतं मोल दाखवलं. ते तक्ते 1900 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लागले. दुकानं किती, जमीन किती, हे मोजणं म्हणजे त्यांच्या लेखी वकिलीच होती.

पुढे मात्र त्यांचा रोख बदलला. वस्तीतल्या माणसांची मजुरी संध्याकाळी बाहेरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात जाते. मग वस्तीत एखादा मालक तयार झाला, तरी बाकीच्यांच्या पदरात काय? म्हणून 1918 मध्ये त्यांनी सहकाराच्या अभ्यासासाठी गट जमवला. त्यातून प्रेरणा घेऊन मेम्फिसमध्ये ग्राहकांच्या मालकीची दुकानं निघाली. ती सुरुवातीला चाललीही, पण नंतर सहकाराचं रूप सोडून साध्या भागभांडवली कंपनीच्या वाटेने गेली आणि टिकली नाहीत. डू बॉईस यांनी तो अनुभव लपवला नाही आणि आग्रहही सोडला नाही. कृष्णवर्णीयांनी आपली अर्थव्यवस्था आपल्या एकजुटीवर उभारावी, या भूमिकेवरून वाद पेटला आणि 1934 मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्या संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक होते, त्या एनएएसीपीतून ते बाहेर पडले.

1946 मध्ये त्यांना भारतातून एक पत्र गेलं. पाठवणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉईस यांनी जुलैअखेरीस उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन मांडलं. त्यातही मुद्दा मालकीचाच होता. प्रमुख उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे असावेत, जमीन सरकारने ताब्यात घेऊन ती सामूहिक शेतीसाठी द्यावी आणि हे सारं राज्यघटनेतच लिहून ठेवावं, अशी मागणी होती.