सरकारी गणवेशाची शिलाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेतल्या मुलांचे गणवेश, पोलिसांची खाकी, सरकारी दवाखान्यातल्या चादरी, महापालिकेच्या सफाई कामगारांचे कपडे हे सगळे आपल्या कराच्या पैशातून येते. कापडाचा पोत, रंगाचा पक्केपणा, धाग्यांची संख्या यांच्या अटींनी निविदेची पानेच्या पाने भरलेली असतात. तो कपडा शिवणाऱ्या बाईला एका नगामागे काय मिळाले, याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते. ती ओळ का नको, याची जी कारणे ऐकू येतात, ती तपासून पाहायला हवीत.

गैरसमज : किमान वेतनाचा कायदा आहेच. निविदेत वेगळे लिहायची गरज काय?

कायदा 1948 पासून आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. पण वेतन देण्याची जबाबदारी असते कामावर ठेवणाऱ्याची. सरकार तयार शर्ट विकत घेते तेव्हा कायद्याच्या नजरेत ते फक्त गिऱ्हाईक असते. निविदा मिळते एका पुरवठादाराला. तो काम देतो दुसऱ्याला, दुसरा कटिंग करून गठ्ठे बांधतो आणि ते गठ्ठे वस्तीतल्या घराघरांत जातात. तिथे काम चालते पीसवर. अशा कामात बहुतेक वेळा मशीन शिवणाऱ्या बाईचे, विजेचे बिल तिचे, सुई मोडली तर नवी सुईही तिचीच. कॉलर वाकडी बसली म्हणून शर्ट परत आला, तर उसवून पुन्हा शिवायचा आणि त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. एका शर्टाला किती वेळ गेला, याची नोंद कुठेच होत नाही. मग दिवसाच्या शेवटी किमान वेतन पदरात पडले की नाही, हे कोणता निरीक्षक आणि कशावरून ठरवणार? शिवाय विजेवर चालणाऱ्या युनिटला कारखाना ठरायला पूर्वी 10 कामगार पुरत, कामगार-सुरक्षेच्या नव्या संहितेत 20 लागतात. शिलाईची कितीतरी लहान युनिट्स त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येतूनच निसटतात.

सरकारला हे जमत नाही, असे मात्र नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा ठेका पाहा. ठेकेदाराने मजुरांना वाजवी वेतन द्यावे, असे कलम त्यात आहे. दराची पाटी कामाच्या जागी, मजुरांना वाचता येईल अशा भाषेत लावावी लागते. ठेकेदाराने मजुरी थकवली, तर त्याच्या बिलातून रक्कम कापून ती मजुरांना देण्याचा अधिकार विभागाकडे असतो. म्हणजे भिंत बांधणाऱ्या गवंड्यासाठी जी तरतूद सरकारने करून ठेवली आहे, ती त्याच इमारतीत बसणाऱ्या शिपायाचा गणवेश शिवणाऱ्या बाईसाठी केलेली नाही. या फरकाचे समर्थन मला कुठेही सापडत नाही.

गैरसमज : नियमानुसार सर्वांत कमी दराची निविदाच घ्यावी लागते.

कमी दर पाहिला जातो, पण अटी पूर्ण करणाऱ्यांमधला. अट काय असावी, हे खरेदीदार ठरवतो. सामाजिक हेतूने केलेली खरेदी आपल्याकडे नवीही नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 153 वा नियम हातसुती, हातविणीचे खादी कापड खादी आणि ग्रामोद्योग आयोगासाठी राखून ठेवतो आणि हातमागाच्या कापडालाही संरक्षण देतो. 2012 च्या आदेशाने सूक्ष्म आणि लघुउद्योगांना खरेदीत ठरावीक वाटा दिला आहे. आता तो 25 टक्के आहे आणि त्यात महिला उद्योजकांसाठी 3 टक्के आहेत. चरख्यासाठी आणि लघुउद्योजकासाठी नियम वाकतो, तो शिलाईकाम करणारीसाठीही वाकू शकतो.

गैरसमज : हे पाश्चात्त्यांचे नवे फॅड आहे.

नवे तर मुळीच नाही. ब्रिटिश संसदेने सरकारी ठेक्यांत वाजवी वेतनाचा ठराव 1891 मध्ये केला. सरकारला माल पुरवणाऱ्यांनी कामगारांना काय द्यावे, याचा कायदा अमेरिकेने 1936 मध्ये केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 94 क्रमांकाचा करार 1949 चा आहे. त्या भागात त्या कामाला जे वेतन रूढ आहे त्यापेक्षा कमी वेतन सरकारी ठेक्यावर देऊ नये, असे तो सांगतो आणि मालाच्या उत्पादनालाही तो लागू होतो. भारताने या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

गैरसमज : पुरवठादाराकडे प्रमाणपत्र असले की झाले.

कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला 11 सप्टेंबर 2012 रोजी आग लागली आणि 250 हून अधिक कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. जेमतेम काही आठवड्यांपूर्वी त्याच कारखान्याला चांगल्या कामगार-व्यवहाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. तपासणीचे पैसे कारखानाच देत असेल, तर असल्या कागदावर फार विसंबता येत नाही. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कपडेखरेदीचे नियम केले तेव्हा वेगळी वाट धरली. कपडा कोणत्या पत्त्यावर शिवला जातो हे पुरवठादाराने उघड करायचे आणि तपासणी शहराने नेमलेल्या स्वतंत्र संस्थेने करायची. उपकंत्राटांच्या साखळीत तो पत्ताच हरवतो, म्हणून ही अट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

गैरसमज : बचत गटातल्या महिलांना काम दिले, म्हणजे न्याय झाला.

हा गैरसमज सद्‌भावनेतून येतो, म्हणून त्याकडे बारकाईने पाहायला हवे. समग्र शिक्षा योजनेत एका विद्यार्थ्याच्या दोन गणवेशांसाठी वर्षाला 600 रुपये मिळतात, म्हणजे एका गणवेशाला 300. महाराष्ट्राने 2024-25 मध्ये सगळ्या राज्यासाठी एकच गणवेश ठरवला. कापड एकत्र खरेदी करायचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून करून घ्यायची, अशी ती योजना होती. शिलाई आणि अनुषंगिक खर्च मिळून दर ठरला एका गणवेशाला 110 रुपये. गणवेश म्हणजे शर्ट आणि पँट किंवा स्कर्ट. कॉलर, खिसा, बाह्या, पट्टा, काज, बटणे, इस्त्री, घडी, सगळे या 110 रुपयांत. अनेक ठिकाणी गटांनी हा दर परवडत नाही म्हणून हात आखडता घेतला. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि कित्येक मुलांपर्यंत गणवेश महिनोन्‌महिने पोहोचले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ही पद्धत मागे घेतली आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले.

चर्चा झाली ती मुख्यतः उशिराची आणि मापाची. शिलाईचा दर कोणत्या हिशेबाने ठरला, एक गणवेश शिवायला सरासरी किती वेळ लागतो, त्या वेळेचे किमान वेतन किती होते, हे प्रश्न मागेच राहिले. काम बायकांना दिले हे चांगलेच झाले. पण दर वेळ मोजून ठरवला नाही, तर सरकार स्वतःच तुटपुंज्या मजुरीचे मालक बनते.

गैरसमज : मजुरी वाढवली तर खरेदी परवडणार नाही.

खर्च थोडा वाढेल, हे मान्य करायलाच हवे. शिलाईला 30 रुपये वाढवले, तर 300 चा गणवेश 330 ला पडेल. हे 30 रुपये आज वाचतात असे दिसते, पण ते शिवणारीच्या खिशातून गेलेले असतात.

गणवेशाची खरेदी आज पुन्हा शाळेच्या पातळीवर आली आहे आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. तुम्ही अशा समितीत असाल, तर पुढच्या बैठकीत दरपत्रके समोर येतील तेव्हा कापडाच्या नमुन्यासोबत दोन गोष्टी लेखी मागा : गणवेश कुठे शिवले जाणार त्याचा पत्ता आणि शिवणाऱ्या व्यक्तीला एका नगामागे मिळणारी रक्कम. जो पुरवठादार त्या लिहून देणार नाही, त्याचे दरपत्रक बाजूला ठेवा.