धूर म्हणायचं, धुकं घ्यायचं

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या चौकातून एक फाटा भोरकडे वळतो आणि पुढे वरंधा घाटातून महाडला उतरतो. पावसाळ्यात वरंध्याला धुकं फुकट मिळतं, इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे दिसेनासे होतात. लग्नसराईत मात्र ते विकत आणावं लागतं. नवरा-नवरी स्टेजकडे निघाले की पडद्याआडून कुणीतरी बटण दाबतं आणि घोट्यापर्यंतच्या ढगातून जोडपं चालत येतं. भाद्रपदात हाच ढग गणपतीच्या देखाव्यात कैलासावर उतरतो, जत्रेच्या मोसमात भूतबंगल्यात शिरतो. आता पुण्याच्या सोसायट्यांमध्ये 31 ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या भोपळ्याशेजारीही तो दिसू लागला आहे.

सगळे त्याला धूर म्हणतात, पण यात काहीच जळत नाही. हा ढग सोडणाऱ्या मशीनच्या टाकीत ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचं मिश्रण असतं. छोटा पंप ते तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक नळीत ढकलतो, तिथं त्याची वाफ होते, आणि तोटीतून बाहेर पडताक्षणी गार हवेत त्या वाफेचे थेंब बनतात. थेंब साधारण एका मायक्रॉनच्या आसपासचे. माणसाचा केस त्यांच्यापुढे वासा वाटावा. एवढे बारीक थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून ढग पांढरा दिसतो. थोडक्यात, हे धुकंच. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत फिरणारं फवारणीचं यंत्रही द्रव तापवूनच ढग काढतं, पण त्यात सहसा डिझेल आणि कीटकनाशक असतं. ‘आपल्याकडे एक पडलंय की’ म्हणून ते देखाव्यात लावायला निघालेल्या कार्यकर्त्याला वेळीच आवरावं.

बाजारात सगळ्यात लहान मशीन 400 वॉटच्या आसपास मिळतं, मोठी 1500 वॉट आणि त्यापुढची. हा आकडा धुराचा नव्हे, तापवणाऱ्या कॉइलचा. 230 व्होल्टवर 1500 वॉटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणजे त्याला घरातला मोठा, 16 अँपिअरचा सॉकेट हवा. मंडपातल्या लोंबत्या वायरीवर, त्याच बोर्डावर फोकस आणि साउंड असताना, ते लावणं म्हणजे देखाव्याआधी अंधार. 400 वॉटचं मशीन दोन अँपिअरच्या आतच भागवतं. त्याची खोड वेगळी. चालू केल्यावर ते तापायला काही मिनिटं घेतं, आणि सलग धूर सोडला की ठोकळा गार होऊन थर्मोस्टॅट पंप थांबवतो. नवरी दारात उभी आणि मशीनचा दिवा म्हणतोय थांबा, ही वेळ बहुतेक अशीच येते. उपाय फुकटचा आहे: आधीपासून तापवून ठेवायचं आणि छोट्या छोट्या फुंकरी सोडायच्या.

भूतबंगल्याच्या बंद खोलीला 400 वॉट पुरून उरतात. उघड्या लॉनवर, हायवेच्या बाजूनं वारा सुटला, की 1500 वॉटचा धूरही शेजारच्या शेतात जातो.

शिवाय मशीनचा धूर गरम असतो आणि वर चढतो. घोट्याशी रेंगाळणारा ढग हवा असेल तर तो गार करावा लागतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा भरायचा, त्यातून एक जाड पाइप फिरवायचा आणि धूर त्यातून काढायचा. गार झालेला धूर आजूबाजूच्या हवेपेक्षा जड होतो आणि जमिनीलगत सरपटतो. कमी पैशांत याहून देखणं काही होत नाही. कारंज्यात टाकायची अल्ट्रासॉनिक चकतीही स्वस्त असते. ती सेकंदाला सुमारे 17 लाख वेळा थरथरून पाण्याचेच थेंब उडवते. पण साध्या पाण्याचे थेंब कोरड्या हवेत लगेच विरतात. भाद्रपदातल्या दमट संध्याकाळी कुंडीभर धुकं छान दिसतं, एप्रिलच्या लग्नात ते काठ ओलांडायच्या आत संपतं. ग्लायकॉल हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून त्याचा ढग टिकतो.

राहिला ड्राय आइस, आणि इथं जरा थांबायला हवं. देवघरातल्या डबीतला कापूर न वितळता झिजतो, आणि तो उडून जाऊ नये म्हणून आजी त्यात चार मिरे टाकते. ड्राय आइसही तसाच, घनरूपातून थेट वायू होणारा. फक्त उणे 78.5 अंशांवर. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. गरम पाण्यात टाकला की उसळणारा पांढरा ढग पाण्याच्या बारीक थेंबांचा असतो, वायू दिसतच नाही. एक किलोतून सुमारे साडेपाचशे लिटर वायू निघतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत दोन किलो टाकला तर हवेतलं त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या घरात जातं, आणि अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था ‘नायोश’ चार टक्के ही पातळी जिवाला तत्काळ धोका मानते. हवेपेक्षा दीडपट जड असल्यानं हा वायू खाली साचतो, नेमका लहान मुलांच्या नाकाशी. फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाला बंदिस्त पोहण्याच्या तलावात 25 किलो ड्राय आइस ओतला गेला; तिघांचा जीव गेला. मोकळ्या लॉनवर, जाड हातमोजे घालून, जाणत्या माणसानं वापरला तर ठीक. खोलीत नको, आणि उरलेले तुकडे टेबलावर तर मुळीच नकोत. पोरं ते बर्फ समजून तोंडात टाकतात.

ग्लायकॉलचं धुकंही अगदी निरुपद्रवी नाही. कॅनडात नाट्य-चित्रपट क्षेत्रातल्या 101 कामगारांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा धुरात रोज काम करणाऱ्यांत खोकला आणि श्वसनाचे त्रास जास्त आढळले. पाहुण्यांची दहा मिनिटं आणि मशीनपाशी रोज बसणाऱ्या पोराचे दहा दिवस यांत म्हणूनच फरक आहे. दम्याच्या माणसाला मात्र दहा मिनिटंही पुष्कळ.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मशीन बघताना किंमत एकट्या मशीनची बघितली जाते. लिक्विड पुन्हा पुन्हा लागतं, आणि ते मशीनच्या कंपनीनं सांगितलेलंच घ्यावं. घरी ढवळलेलं ग्लिसरीन जास्त तापलं तर अॅक्रोलिन हा घसा जाळणारा वायू तयार होतो. शिवाय वर्षभर तसंच ठेवलेलं मशीन बारीक नळी बुजवून बसतं. वर्षातून एकदाच लागणार असेल तर मंडपवाल्याकडून भाड्यानं आणणं परवडतं.

तरीही घ्यायचंच असेल, तर आदल्या दिवशी त्याच जागी, कार्यक्रमाच्याच वेळेला, एक उदबत्ती लावून जमिनीलगत धरावी. रेघ हातभर सरळ चढली तर लहान मशीनवर भागेल. पेटल्या पेटल्या ती आडवी होऊन हायवेकडे निघाली, तर ते पैसे दिव्यांच्या माळांवर घालावेत.