हळद, कुंकू आणि चमकणारे कार्बन डॉट

मित्रांनो, मी कळमनुरीचा. आमच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचं पीक मोठं. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. कुंकू परंपरेने असंच बनतं. म्हणजे हळद हा घरातला पीएच दर्शकच! अडचण एवढीच की पीएच साधारण 7.4 च्या पुढे गेल्यावरच ती रंग बदलू लागते. द्रावण आम्लधर्मी असेल तर ती पिवळीच राहते. मग किती आम्ल, हे कळणार कसं?

इथे कार्बन डॉट कामाला येतात. 2004 साली अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना हे कण योगायोगाने सापडले. आकार 10 नॅनोमीटरपेक्षा कमी. ते बनवायला पाला, साली, चोथा असा टाकाऊ माल चालतो, कारण त्यात कार्बन असतोच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी चहाच्या चोथ्यापासून ते बनवून औषधांचं प्रमाण मोजायला वापरले आहेत.

कृती सोपी. वाळलेला पाला पाण्यासह टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये बंद करून 180 ते 200 अंश सेल्सिअसवर काही तास तापवतात. (घरच्या कुकरवर प्रयोग नको!) तपकिरी द्रव गाळून अतिनील दिव्याखाली धरला की बहुतेक वेळा निळा चमकतो. कणांच्या पृष्ठभागावर कार्बोक्सिलसारखे गट असतात. आम्लात त्यांना हायड्रोजन आयन चिकटतात, अल्कलीत सुटतात आणि चमक कमी-जास्त होते.

सुट्टीत हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या बोअरचं पाणी कसं हाय, ते सांगंल का हे?" प्रश्न रास्त होता. पाणी फार अल्कधर्मी असेल तर मॅलेथिऑनसारखं कीटकनाशक त्यात लवकर विघटित होतं आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

मी "हो" म्हणणार होतो, पण थांबलो. चमक पीएचमुळे बदलते, तशी पाणी गढूळ असलं, डॉट कमी पडले, दिवा मंद झाला तरी बदलते. म्हणून आधी 4, 7 आणि 9.2 पीएचच्या बफरमध्ये चमक मोजून आलेख काढावा लागतो. दोन तरंगलांबींवरच्या चमकेचं गुणोत्तर घेतलं तर आणखी बरं.

शेवटी म्हणालो, "बाबा, तुम्हाला आज पीएच पट्टीच बरी." कार्बन डॉटची खरी गरज, जिथे पट्टी पोचत नाही तिथे, उदाहरणार्थ, जिवंत पेशीत.

"मग येताना पट्ट्या घेऊन ये," बाबा हसत म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये बाटली चमकली की टाळ्या मिळतील. पण आलेख काढायला विसरू नका!