शनवार तेल्यांची गोष्ट

शतकानुशतके कोकणात राहिलेले बेने इस्रायली मराठी बोलत, नारळाच्या दुधात मटण शिजवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. 'तुम्ही नक्की कोण?' असे त्यांना कोकणात फारसे कुणी खोदून विचारले नाही. हा प्रश्न पुढे आला तो त्यांच्या पूर्वजांच्या भूमीत.

पेणकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर, राजपूरकर. ही आडनावे ऐकली की कुणीही म्हणेल, माणसे अस्सल कोकणातली. आणि ते खरेच आहे. फक्त ही मंडळी धर्माने ज्यू. गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनाव घेण्याची रीत त्यांनी शेजाऱ्यांसारखीच उचलली. अलिबागमधल्या त्यांच्या वस्तीला 'इस्रायल आळी' हे नाव पडले.

या समाजाची पूर्वापार कथा अशी : फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचीच ही पुढची प्रजा. ते नेमके केव्हा आले, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि हिब्रू भाषाही विसरली गेली, असे ही कथा सांगते. टिकल्या त्या थोड्याच गोष्टी : 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी.

तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या या लोकांना गावाने 'शनवार तेली' म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे 'सोमवार तेली' कोकणात होतेच. एकाचा सोमवार, दुसऱ्याचा शनिवार! परक्या धर्माचा एक कडक नियम गावाने आपल्या परिचयाच्या चौकटीत असा सहज बसवला.

स्वयंपाकघरातला तोडगा

संस्कृती पोथीपेक्षा स्वयंपाकघरात अधिक टिकते, याचे हा समाज उत्तम उदाहरण आहे. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र खाणे निषिद्ध. मग रस्सा दाट कशाने करायचा? कोकणात उत्तर दारातच उभे होते. नारळाचे दूध हे काही जनावराचे दूध नव्हे. त्यामुळे नियमही पाळला गेला आणि चवही कोकणी राहिली. पवित्र दिवशी द्राक्षासव हवे, पण ते मिळत नसे. तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचे सरबत केले जाई.

मासळीचेही तसेच. खवले आणि पर असलेलाच मासा त्यांना चालतो. त्यामुळे कोळंबी, खेकडे बाद. सुरमई मात्र चालते. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने एका घरातल्या स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि त्यांनी नेमके चालणारे मासेच वेचून घेतले. त्यावरून ही माणसे ज्यू आहेत अशी त्याची खात्री पटली, असे हा समाज सांगत आला आहे.

सणांची नावेही मराठी. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'. उपवास करून दिवसभर दारे बंद ठेवायची तो 'दार फाळणीचा सण'. खीर करायची तो 'खिरीचा सण', बिरडे करायचे तो 'बिरड्याचा'. नवस फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळांचे ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण होते, तो 'मलिदा'. लग्नाआधी वधूला मेंदी आणि हिरवा चुडा.

एकोणिसाव्या शतकात धर्माचे शिक्षण पुन्हा मिळू लागले, तेही मराठीतून. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' ही पोथी १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे शेजारची कीर्तने ऐकून या समाजाने आपलीही कीर्तने रचली. साज मराठी कीर्तनाचा, आख्यान बायबलमधले.

'तुमचे पूर्वज कोण?'

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि यातली बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. भारतात कुणी छळले म्हणून नव्हे, तर धर्माच्या ओढीने आणि चांगल्या आयुष्याच्या आशेने. तिथे वेगळाच अनुभव वाट पाहत होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला : बेने इस्रायली व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न ठरले, तर तिच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. हे लोक इतकी शतके इतरांत मिसळून राहिलेले, तेव्हा त्यांचे ज्यूपण शुद्ध कशावरून, ही शंका.

ज्यांनी ग्रंथ हरवूनही शनिवार सोडला नाही, त्यांच्या मुलामुलींची लग्ने कागदासाठी अडली. समाज पेटून उठला. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठालाही आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कोकणात असताना याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. इतर जातीच्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांची संतती म्हणजे 'काळे', असे मानले जाई. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. शेजाऱ्यांकडून कीर्तन आले, हिरवा चुडा आला, तशी जातीची उतरंडही आली. ज्या संशयाने त्यांना परदेशात दुखावले, तो त्यांच्या घरातही नांदला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर सर्वच बेने इस्रायलींच्या रक्तात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. मग गोरा कोण आणि काळा कोण?

मोजपट्टी कुणाची?

देशात आज हा समाज काही हजारांवर आला आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, 'बूट पॉलिश'मधले अभिनेते डेव्हिड, इंदिरा संतांची कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेणारे कवी निस्सीम इझिकेल ही सारी याच समाजाची माणसे. तिकडे इस्रायलमध्ये गेलेल्यांनीही मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले.

विविधतेविषयी बोलताना आपण बहुधा वेश, भाषा आणि सणांच्या याद्या करतो. हा अमुक प्रांताचा, तो तमुक धर्माचा, असे कप्पे पाडतो. या कप्प्यांत बेने इस्रायली कुठे बसवायचे? मनुकांचे सरबत ज्यू की कोकणी? हिरवा चुडा भरलेली वधू कोणत्या बाजूची? ज्या घरात हे सारे चालते, तिथे असा प्रश्न पडतच नाही. तो पडतो बाहेरून मोजमाप घेणाऱ्यांना. आपल्या शेजारी नवे बिऱ्हाड येते किंवा घरात परप्रांतातली सून येते, तेव्हा आपल्या हातीही तीच मोजपट्टी असते. ती लावायची की सोमवार तेल्याच्या शेजारी शनवार तेल्याला जागा करून द्यायची, हे मात्र आपणच ठरवायचे असते.