शिबिराचं संमतिपत्र

डिसेंबर उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक कागद येतो. कॉलेजात शिकणारी मुलगी तो आधी अम्मीला दाखवते. मग अम्मी अब्बांचा मूड पाहून, जेवण झाल्यावर, हळूच त्यांच्यासमोर ठेवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराचं ते संमतिपत्र असतं. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ असते आणि पुष्कळ घरांत ती रेघ कोरीच राहते. दुसऱ्या दिवशी मुलगी सरांना ‘घरी लग्न आहे’ असं काहीतरी सांगते आणि विषय संपतो.

मुलांचं थोडं वेगळं. त्यांना कुणी अडवत नाही, पण शेवटचा तास संपला की त्यांना दुकानावर नाहीतर गॅरेजवर पोहोचायचं असतं. कारणं वेगळी असली तरी परिणाम एकच. तीन-तीन वर्षं कॉलेजात जाऊनही आपल्या मुलामुलींना वर्गाबाहेरचं कॉलेज माहीत होत नाही. वक्तृत्व स्पर्धा, वार्षिक अंक, खेळाचं मैदान, एनसीसी, सेवा योजना हे सगळं ‘त्यांचं’ आणि लेक्चर तेवढं आपलं, अशी वाटणी आपण आपल्याच हाताने करून ठेवली आहे.

सेवा योजना म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं. कॉलेज एखादं गाव दत्तक घेतं. सकाळी श्रमदान असतं. कुठे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, कुठे गटारं साफ करतात, कुठे घरोघर जाऊन पाहणी करतात. दुपारी व्याख्यान आणि संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. स्वयंपाकाला लागणारी मदत मुलंच आळीपाळीने करतात.

यातून काय मिळतं? प्रमाणपत्र मिळतं, पण ते आम्ही महत्त्वाचं धरत नाही. शंभर माणसांच्या जेवणाला किती किलो तांदूळ लागतो, सरपंचांशी कसं बोलायचं, ऐनवेळी माइक बंद पडला तर काय करायचं, हे पुस्तकात नसतं. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला वर्गात मराठी बोलायची लाज वाटते. कुणी हसेल, ही भीती. गावातल्या आजीबाईंकडून पाहणीचा फॉर्म भरून घेताना मात्र मराठीशिवाय गत्यंतर नसतं, आणि आजीबाई काही व्याकरण तपासत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. वर्गातल्या कित्येक मुलींनी आयुष्यात एकही मुसलमान मैत्रीण जवळून पाहिलेली नसते. आपल्याविषयी त्यांना जे कळतं ते मोबाइलवरच्या मेसेजमधून. सात दिवस एका खोलीत राहिल्यावर त्या पाहतात की ही पहाटे थंड पाण्याने वजू करते, नमाज पढते, आणि आठ वाजता आपल्याबरोबर फावडंही धरते. गैरसमज दूर करण्यासाठी आपण सभा घेतो, पुस्तिका वाटतो. ते काम चालू राहावंच. पण एका खोलीतल्या सात दिवसांची सर त्याला येणार नाही.

‘गैरांच्यात मिसळून दीन बिघडेल’ ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तरुणपणातली हिल्फुल-फुजूलची घटना आठवावी. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केच्या एका सरदाराने बुडवले. तेव्हा काही मंडळी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि पीडिताच्या बाजूने उभं राहण्याचा करार त्यांनी केला. नुबुव्वतीच्या आधीचा हा काळ, आणि जमलेले लोक मूर्तिपूजक कुरैशच होते. प्रेषित (स.) त्या करारात सामील होते, आणि पुढे इस्लामच्या काळातही, अशा कामासाठी बोलावणं आलं तर आपण जाऊ, असं त्यांनी सांगितलं. भल्या कामात शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर उभं राहणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

आता प्रत्यक्षातले प्रश्न. शिबिराचं जेवण बहुधा शाकाहारी असतं, त्यामुळे हलालची अडचण फारशी येत नाही. फजर दिवस सुरू होण्याआधीच होते, जोहर जेवणाच्या सुट्टीत बसते. असर आणि मगरिबसाठी दहा-दहा मिनिटं मागून घ्यावी लागतात. आधी सांगितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. ऐनवेळी गुपचूप गायब झालं की कुरबुर होते. सात दिवसांत एक जुमा येणारच, तेव्हा मुलांनी जवळची मशीद कुठे आहे ते विचारून ठेवावं. मुलींच्या मुक्कामाची जागा वेगळी आहे का, रात्री सोबत कोण शिक्षिका आहेत, हे अब्बांनी स्वतः कॉलेजात जाऊन कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारावं. शक्य असेल तर अम्मीनेही जावं. आईने विचारलेले प्रश्न जास्त नेमके असतात, असा आमचा अनुभव आहे. गाव बहुधा जवळचंच असतं. हनफी उलेमांच्या हिशेबाने शरई सफरीचं अंतर सुमारे ४८ मैल आहे, तिथवर शिबिर क्वचितच जातं. तरीही मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं, कोकणातल्या शाफई घरांनी तर जरूर. रात्रीचा मुक्काम पटतच नसेल, तर दिवसा येऊन-जाऊन चालेल का हे विचारावं. तेही जमलं नाही, तरी वर्षभराचे १२० तास दिवसाउजेडी, बरेचसे कॉलेजच्या आवारातच होतात. ते कशाला सोडायचे?

काही गोष्टींना नाही म्हणावंच लागेल. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या पूजेत भाग घ्यायचा नसेल तर शांतपणे बाजूला उभं राहता येतं. गॅदरिंगमधलं नाचगाणं नको असेल तर निवेदन, भित्तिपत्रक, हिशेब, स्वागत अशी दहा कामं पडलेली असतात. एका गोष्टीला नकार म्हणून सगळ्यालाच नकार, यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

कमावणाऱ्या मुलांसाठी पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ‘कमवा व शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम आणि त्याचं मानधन. गॅरेजइतके पैसे त्यात मिळणार नाहीत हे खरं. पण आठवड्यातले काही तास तरी मुलगा कॉलेजात राहतो, ग्रंथपालांच्या ओळखीचा होतो, सूचनाफलक वाचू लागतो. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर सेवा योजना, एनसीसी, खेळ यांना अनेक ठिकाणी श्रेयांकही मिळू लागले आहेत, म्हणजे हा वेळ आता निकालपत्रातही दिसतो.

सेवा योजनेची नावनोंदणी मात्र डिसेंबरमध्ये होत नाही. ती वर्षाच्या सुरुवातीला, प्रवेश उरकले की लगेच होते आणि जागा ठरावीक असतात. यंदा ज्यांच्या घरी बारावीचा निकाल लागणार आहे, त्यांनी प्रवेशाच्या रांगेत फीबरोबर हेही विचारून घ्यावं.