खिशातला ध्रुवतारा

विमानात खिडकीजवळची जागा मिळाली की मी खालची गावे ओळखू लागतो आणि आमची सौभाग्यवती डोळे मिटून घेते. "हे जालना," असे मी ठासून सांगावे आणि शेजारच्या गृहस्थांनी "अहो, जालना केव्हाच मागे पडले," म्हणावे, असे दोनतीनदा झाले. अखेर भाच्याने मुठीत मावेल एवढे एक जी.पी.एस. यंत्र माझ्या हातात ठेवले. "मामा, आता तरी मामींना खरे सांगत चला!"

ते घेऊन मी गेल्या हिवाळ्यात नागपूरला गेलो. हवाई सुंदरीला आधी विचारले, कारण अशा बाबतीत विमान कंपनीचा नियम आणि वैमानिकाचा शब्द अखेरचा. यंत्र काही प्रक्षेपित करीत नाही, नुसते ऐकते, हे खरे. पण ते विमानात वाद घालून पटवण्याचे ठिकाण नव्हे. परवानगी मिळाली. मात्र मधल्या जागेवर बसलात तर हे यंत्र मुके होते. ते काचेशी धरावे लागते, आणि उड्डाणापूर्वीच त्याला आपला ठावठिकाणा लागलेला असला तर उत्तम. फोनवर हीच करामत करायची तर 'विमान-अवस्थे'तही बहुतेक फोन हे संदेश ऐकतात. नकाशा तेवढा घरीच उतरवून घ्यावा.

उजव्या हाताला नाथसागराचे पाणी चमकले, आणि पुढे लोणारची वाटोळी वाटी दिसली. नकाशाशी ताडून पाहिली, लोणारच! हिला उठवून दाखवली. वैमानिकाने सांगितलेल्या उंचीपेक्षा माझे यंत्र बरीच अधिक उंची दाखवीत होते, तेव्हा मी अंमळ घाबरलो. मागाहून कळले की विमानाचे उंचीमापक हवेच्या दाबावरून हिशेब करते आणि आपल्याकडच्या उबदार हवेत प्रत्यक्ष उंची त्याहून जास्त भरते. सगळीच विमाने एकाच मापाने चालतात, म्हणून त्यांची टक्कर होत नाही. येताना मात्र वेग चांगलाच घटला. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. जाताना तो पाठीशी होता, येताना तोंडावर.

या यंत्राची युक्ती सोपी आणि थक्क करणारी आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळ सांगत असतात. तो संदेश सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात खाली पोचतो. किती उशीर झाला त्यावरून अंतर निघते, आणि चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी तीनशे मीटरचा घोटाळा! मुळात हे अमेरिकेच्या लष्कराचे. 1983 साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले, 269 माणसे मेली, आणि मग ही सोय सर्वांना देण्याची घोषणा अमेरिकेने केली. मुद्दाम ठेवलेली चूक 2000 साली काढण्यात आली.

जाता जाता एक इशारा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र निराळे; ते परवानगीवाचून भारतात आणणे गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या लेकी-जावयांना हे आधीच कळवावे.

पण मला सांगायचे आहे ते समुद्रावरचे. हिचे माहेर अलिबागकडचे. तरी लग्नापासून आजवर ती रेवसच्या लाँचमध्ये कधी बसली नव्हती. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत हिचा थोरला काका होता. गिरणीत कामाला असलेला, दिव्यांच्या अवसेला घरी निघालेला. हिने त्याला पाहिलेही नव्हते. आजीच्या रडण्यातून ऐकले होते.

जानेवारीत ती आपणहून म्हणाली, "तुमच्या यंत्रात तो खडक दिसतो का?"

दिसत होता. मी त्यावर खूण केली आणि आम्ही लाँचने निघालो. छपराखाली आकडे अडखळले, म्हणून कठड्याशी येऊन उभे राहिलो. एक गंमत तिथेच उमगली. लाँचचे नाक रेवसच्या बरेच बाजूला होते आणि यंत्रावरची रेघ सरळ रेवसला चालली होती! मी सारंगांना विचारले. ते हसून म्हणाले, "भरतीचं पाणी ढकलतंय ना, काका. नाक इथं धरलं तर बोट तिथं जाते." यंत्र बोटीची खरी चाल सांगते, तिचे तोंड कुठे आहे ते नाही. सारंगांना मात्र दोन्ही ठाऊक होते, आणि तेही यंत्रावाचून.

खडकापर्यंतच्या अंतराचा आकडा कमी होत होता. ही पदराआड शेवंतीची फुले धरून उभी होती. आकडा थांबला. मी म्हटले, "आता." तिने फुले सोडली. मग आकडा वाढू लागला.

"मागे पडलं?"

"हो."

तिने यंत्र माझ्या हातातून घेतले आणि रेवसचा धक्का येईपर्यंत परत दिले नाही.