इफ्तार दुपारी सव्वा वाजता? वेबसाइटवर तारीख-वेळ का चुकते

पनवेलमध्ये मार्चच्या सुरुवातीला सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. हीच इफ्तारची वेळ एखाद्या वेबसाइटवर दुपारी १.१५ दिसली तर कुणी फसणार नाही, हसून सोडून देईल. पण तीच गडबड जन्मतारखेत झाली आणि तारीख एक दिवस मागे गेली, तर पटकन लक्षात येत नाही. फॉर्मवर तशीच छापली जाते. मग हजच्या किंवा आखाताच्या नोकरीच्या कागदपत्रांच्या वेळी पासपोर्टशी जुळत नाही म्हणून खेटे घालावे लागतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच: साडेपाच तास.

आपली कॉलेजात शिकणारी मुलंमुली आता नमाजच्या वेळांची पानं, निकाहच्या स्थळांचे फॉर्म, मदरशाच्या प्रवेशाचे ॲप बनवतात. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या मस्जिदीच्या विश्वस्तांसाठी, हे लिहितो आहोत.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. त्याचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, आणि भारत तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून नवी तारीख लागली, तरी सकाळी साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. आता विचार करा, या वेळात आपण वेबसाइट कधी उघडतो? सेहरीला! पानाने सर्व्हरला विचारलं "आज कोणती तारीख?" तर उत्तर कालचं येतं, वेळही कालची दिसते. २०२५ च्या रमजानसारखा मार्चचा महिना असेल तर पहाट रोज जेमतेम एखाद मिनिटाने अलीकडे सरकते. त्यामुळे कालची वेळ बघणारा मिनिटभर जास्त खातो आणि कुणालाच शंका येत नाही. दुपारी सव्वाची इफ्तार परवडली, निदान ती दिसते तरी. उपाय साधा आहे: "आज" ठरवताना सर्व्हरला न विचारता 'एशिया/कोलकाता' या क्षेत्रातली तारीख मागायची.

जन्मतारखेचं कसं होतं तेही बघू. आईने फॉर्मवर २ मार्च निवडलं. कोडने त्याचा अर्थ लावला २ मार्चचे रात्रीचे बारा. सर्व्हरकडे पाठवताना जावास्क्रिप्टने तो क्षण यूटीसीत बदलला: १ मार्च, संध्याकाळी ६.३०. डेटाबेसने वेळ कापली, तारीख ठेवली. मूल एक दिवस आधी जन्मलं! जन्मतारीख किंवा निकाहची तारीख हा घड्याळावरचा क्षण नसतो, ती नुसती तारीख असते. म्हणून ती तारीख म्हणूनच साठवावी, तिला वेळ चिकटवूच नये. आणि ०४/०३ असं कधी लिहू नये. ते आपल्याकडे ४ मार्च, अमेरिकेत ३ एप्रिल.

याउलट पैसे भरल्याची नोंद किंवा संदेश पाठवल्याची वेळ, म्हणजे घडून गेलेला क्षण, यूटीसीत ठेवावा आणि दाखवताना बघणाऱ्याच्या वेळेत बदलावा. इथे नवशिके प्रोग्रॅमर एक नियम पाठ करतात की सगळंच बघणाऱ्याच्या वेळेत बदलायचं. आम्हाला तो पटत नाही. पनवेलच्या मस्जिदीचं पान कुवेतमधल्या मुलाने उघडलं, तर त्याला इफ्तार ४.१५ दिसेल, कारण कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. ती वेळ ना त्याच्या कामाची, ना इथल्यांच्या. नमाजची वेळ त्या गावाची असते, तिथल्याच घड्याळात दाखवावी. जनाजाची किंवा थेट प्रसारणाची वेळ मात्र दोन्हीकडची द्यावी, "भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहून. दुबईत दीड तास, सौदी-कतारमध्ये अडीच, दक्षिण आफ्रिकेत साडेतीन तास वजा करायचे, हे घाईत आणि रडारडीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

घड्याळ आणि सूर्य या दोन गोष्टी वेगळ्या, हे मुंबईकरांना एकेकाळी चांगलं ठाऊक होतं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवली. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. पनवेल ७३.१ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य इथे ३७-३८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. म्हणूनच आपल्याकडे जवाल बाराला होत नाही, वर्षभरात १२.२० ते १२.५५ च्या दरम्यान फिरतो. नागपूरचा सूर्य आपल्या २४ मिनिटं पुढे, त्यामुळे तिथलं कॅलेंडर इथे चालत नाही. मुंबई आणि पनवेलमध्ये मात्र फरक मिनिटभराचाच.

ॲपमध्ये 'पद्धत' नावाचं एक सेटिंग असतं, तेही बघून घ्या. उत्तर अमेरिकेची पद्धत फजरसाठी सूर्य क्षितिजाखाली १५ अंश धरते, कराचीची १८. आपल्या अक्षांशावर हा फरक १२-१३ मिनिटांचा पडतो, आणि ही १२ मिनिटं सेहरीची आहेत. असरचंही तसंच. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई, ॲप हनफीवर असेल तर असर उशिरा दाखवतो. कोणती पद्धत धरायची हे प्रोग्रॅमरने ठरवू नये, मस्जिदीच्या इमामांना विचारावं.

हिजरी तारखेचा आणखी एक गुंता. आपला दिवस मगरीबला बदलतो, संगणकाचा मध्यरात्री. २०२५ मध्ये पहिला रोजा रविवारी २ मार्चला होता, पण तरावीह शनिवारी १ तारखेच्या रात्रीच सुरू झाली. ज्या पानावर १ रमजान मध्यरात्रीनंतर लागतो, तिथे २७ वी रातही एक दिवस पुढे ढकलली जाते. शिवाय तयार सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा सौदीचं 'उम्मुल कुरा' कॅलेंडर असतं. सौदीत त्या वर्षी रमजान १ मार्चला लागला आणि ईद ३० ला झाली, आपली ३१ ला. चाँद दिसल्यावर हिजरी तारीख हाताने मागेपुढे करता येईल अशी सोय प्रत्येक पानात हवीच.

पुढच्या कार्यक्रमांसाठी "यूटीसी अधिक अमुक तास" असं कोडमध्ये लिहून ठेवू नये. ब्रिटनची घड्याळं त्याच ३० मार्चला तासभर पुढे गेली. इथल्या रात्री ९ चा दर्स लंडनमध्ये आधी ३.३० ला लागायचा, त्या दिवसापासून ४.३० ला. मोरोक्कोमध्ये तर घड्याळ दर रमजानला एक तास मागे घेतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने उन्हाळी वेळ रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली. काहींनी ऐकलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. शेवटी सरकारलाच निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणून स्थानिक वेळ आणि क्षेत्राचं नाव साठवावं, तासांचा हिशेब अद्ययावत टाइम झोन यादीवर सोडावा.

विश्वस्तांनी पैसे चुकते करण्याआधी एवढं करून बघावं. फोनचं टाइम झोन आधी कुवेत, मग न्यूयॉर्क करा. प्रत्येक वेळी फॉर्मवर २ मार्च ही जन्मतारीख भरा, सेव्ह करा, पुन्हा उघडा. मग फोन परत भारतीय वेळेवर आणून तेच पान पहाटे साडेचारला उघडा आणि वर आजची तारीख आहे का ते बघा.